एका नळावर दोन हात

पाणी एकाएकी गार झालं तेव्हा तिच्या केसांत शाम्पूचा फेस होता आणि डोळे गच्च मिटलेले होते. तिने चाचपडत गरम पाण्याची तोटी जराशी सैल केली. फरक पडला नाही. आणखी सैल केली. मग पाणी तापलं आणि तापतच गेलं, इतकं की खांदा पोळून ती भिंतीला जाऊन चिकटली. हात लांबवून तोटी आवळली, तर पुन्हा गार. तापमापकांची अचूकता तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या मुलीला स्वतःच्या अंगावरचं पाणी कोमट ठेवता येऊ नये, ही तशी शरमेचीच गोष्ट होती. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "मुद्दाम करतेयस का गं?" घरात न्हाणीघरं दोन आणि गीझर एक. पलीकडे तिच्यासोबत राहणारी दंतवैद्य होती. मी जरा कुठे जमवत आणते की तू बिघडवतेस, असं तिचं म्हणणं. मी इथे उकडून निघतेय, हिने सांगितलं. मग मी काय हौसेने कुडकुडतेय, दंतवैद्य म्हणाली. दोघींचे हात आपापल्या तोटीवर तसेच होते. इकडे तोटी आवळली की सगळं गरम पाणी पलीकडे धावायचं. पलीकडची पोळली की ती आवळायची, मग ते इकडे यायचं. आणि नळीतून यायला त्याला वेळ लागत असल्यामुळे कुणाच्या करण्याचं फळ कुणाला मिळतंय, याचा पत्ता दोघींना नसायचा. हा गीझर बिघडलाय, असं दोघी कितीतरी दिवस एकमतानं म्हणत होत्या. गीझर दुरुस्त करणारा दोनदा येऊन, झाकण उघडून बघून गेला होता. यात मला दोष दिसत नाही, पण तुम्ही म्हणत असाल तर बदलून टाकू, असं म्हणाला होता. आता तिच्या लक्षात आलं की ज्या दिवशी दोघींना एकदमच घाईनं निघायचं असतं त्याच दिवशी तो बिघडतो.

"गीझरला काहीही झालेलं नाही," ती मोठ्याने म्हणाली. पाणी पायांवरून वाहत होतं, पलीकडून दंतवैद्य काहीतरी विचारत होती, आणि तिला कळलं की आपण हे गीझरबद्दल बोललो नाही. ते आत्याबद्दल होतं. आत्याच्या पोटाचा आज दुपारी स्कॅन होता. गेले काही महिने आत्याची साखर कधी पाताळात जायची, कधी माडीवर. काल दुपारी ती स्वयंपाकघरात फरशीवर बसलेली सापडली, घामानं चिंब, आणि शेजारणीला स्वतःचं नाव सांगता येईना. दवाखान्यात नेलं, तिथला डॉक्टर तरुण होता, हुशार होता. इतक्या बारीक गोळीनं साखर इतकी खाली जाता कामा नये, तो म्हणाला. म्हणजे आतून काहीतरी ती खाली ओढतंय. स्वादुपिंडात एखादी बारीक गाठ असू शकते, बघून घेऊ. 'बघून घेऊ' हे शब्द तो सहज बोलला, पण 'गाठ' हा शब्द घरात येऊन बसला तो हलेना. गोळी नियमित देता ना, असं डॉक्टरनं बाबांना विचारलं होतं तेव्हा ती शेजारी उभी होती. हो, रोज. दिवसातून एकदाच ना? एकदाच. थोड्या वेळानं त्यानं हेच काकांना विचारलं, तेव्हाही ती शेजारीच उभी होती. रोज. एकदाच. दोन्ही उत्तरं तिनं आपल्या कानांनी ऐकली होती आणि दोन्ही खरी होती.

टॉवेल गुंडाळून, फेस तसाच डोक्यावर घेऊन ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिनं बाबांना फोन लावला. आत्याला गोळी तुम्ही देता? अर्थात, बाबा म्हणाले, सकाळी चहाबरोबर, मी नाही देणार तर कोण देणार. मग काकांना. काका, आत्याची गोळी? संध्याकाळी, फिरायला न्यायच्या आधी, काका म्हणाले, साखरेचा आकडा काहीही असो, नियम तो नियम. आणि मग, आपल्याला काहीतरी वेगळंच विचारलं जातंय असा वास येऊन ते थांबले. "का गं, शास्त्रज्ञ? काय झालं?" काही नाही, दवाखान्यात या, सांगते, ती म्हणाली. तिनं फोन ठेवला. तिला वाटलं आपण रडणार, पण तोंडातून आलं ते हसू. दंतवैद्य दारात येऊन उभी राहिली आणि डोक्यावर फेस घेऊन एकटीच हसणाऱ्या मुलीकडे, दाढ उपटायच्या आधी बघतात तशी बघू लागली.

बाबा आणि काका दोघेही अर्थशास्त्राचे प्राध्यापक, एकाच विभागात, दोन खोल्या सोडून. विद्यार्थ्यांनी त्यांना टोपणनावं दिली होती: बाबांचं 'नळ' आणि काकांचं 'बूच'. बाबांचं म्हणणं असं, की बाजार मंदावला, लोकांनी खिसे आवळले, की सरकारनं हात सैल करावा. कर्ज काढावं, पूल बांधावेत, काही नाही तर खड्डे खणून बुजवावेत, पण माणसाच्या हाताला काम आणि खिशाला वजन द्यावं. पंपानं हवा धरली की तो नुसता घरघरतो. वरून तांब्याभर पाणी ओतावं लागतं, मग तोच नदी उपसतो. काकांचं म्हणणं, की तांब्याभर म्हणून ओतायला घेतात आणि हात थांबत नाही. सरकारला आजचा बाजार दिसतच नाही. दिसतो तो काही महिन्यांपूर्वीचा, आणि औषध पोचतं तेव्हा रोग केव्हाच बदललेला असतो. तेव्हा चलनाची वाढ एका ठरलेल्या बेतानं होऊ द्यावी, नियम बांधून घ्यावा आणि हात पाठीमागे बांधून उभं राहावं. लहानपणी जेवताना तिनं हे इतक्यांदा ऐकलं होतं, की बोलणाऱ्यांचे चेहरे न बघताही नुसत्या ताटावर आपटणाऱ्या चमच्याच्या आवाजावरून पाळी कुणाची आहे हे तिला कळायचं. तेव्हा दोन्ही घरं एकत्र जेवत, आत्याकडे, कारण दोघांनाही आत्यानंच वाढवलं होतं. आईबाप लवकर गेले आणि कपडे शिवायच्या दुकानावर तिनं या दोघांना शिकवलं. मग खरं कोणाचं, असं एकदा तिनं विचारलं होतं, पुढचे दोन दात पडलेले असताना. बाबा म्हणाले माझं, काका म्हणाले माझं, आणि आत्या म्हणाली, आधी भात संपव.

मग ती मोठी मंदी आली. ती शाळेत वरच्या वर्गात होती. रस्त्याच्या कोपऱ्यावरचं बुटांचं दुकान बंद झालं, त्याच्या शेजारचं बंद झालं, आणि काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली ती ओळ तिला शाळेतून येताना तोंड झाकून बसलेल्या माणसांसारखी वाटायची. सरकारनं सल्ल्यासाठी समिती नेमली आणि तीत दोघांनाही घेतलं. घरी सगळ्यांना अभिमान वाटला. समितीत काय झालं हे कुणी नीट सांगितलं नाही. कळलं ते वर्तमानपत्रातून. काकांनी लिहिलं की काही विद्वानांना रोग्याला रक्त द्यायची इतकी घाई असते की गट बघायला सवड मिळत नाही. बाबांनी उत्तर दिलं की काही विद्वान घर जळताना पाण्याचं बिल किती येईल याचा हिशेब करत अंगणात बसतात. 'काही विद्वान' कोण, हे अख्ख्या शहराला ठाऊक होतं. सरकारनं शेवटी सरकार करतं तेच केलं: निम्मं याचं ऐकलं, निम्मं त्याचं. थोडे पूल झाले, थोडे अर्धे राहिले. भाव वाढले, पण फार नाही. बुटांचं दुकान उघडलं, त्याच्या शेजारचं उघडलं नाही. माझ्यामुळे वाचलो, बाबा म्हणाले, आणि तो मध्ये आला नसता तर पुरते वाचलो असतो. नेमकं हेच वाक्य काका पलीकडच्या घरात बोलले. तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. विभागाच्या बैठकीत एकमेकांना 'अध्यक्ष महाराज' यांच्यामार्फत उत्तरं देत. घरी अध्यक्ष महाराज ही होती. बाबांना सांग, काकांना विचार. विज्ञानाकडे आपण का वळलो याचं कारण लोकांना ती वेगवेगळं सांगायची, पण खरं कारण हे, की तिला एखादी गोष्ट दोनदा करून बघता येईल अशा ठिकाणी जायचं होतं. एकदा नळ सोडून, एकदा न सोडता, बाकी सगळं जिथल्या तिथे. देशाचं तसं करता येत नाही. प्रयोग एकच होतो, निष्कर्ष दोन निघतात, आणि दोघेही जन्मभर बरोबर राहतात.

दवाखान्याकडे जाणाऱ्या बसमध्ये ती उभी होती. केस धड धुतलेले नव्हते, मानेवर ओघळ येत होता, आणि तरी तिला अंग हलकं वाटत होतं, परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन आल्यासारखं. लगेच तिनं स्वतःला दटावलं. आपण एक कल्पना केलीय, ती अजून तपासलेली नाही. गाठही असेल आणि दोन गोळ्याही असतील. एकानं दुसरं खोटं ठरत नाही. पण मन ऐकेना. मन पुन्हा पुन्हा आत्याच्या घराकडे जात होतं, तिथल्या त्या बिनबोभाट व्यवस्थेकडे, जी तिनं किती वर्षं पाहिली होती आणि जिच्याबद्दल तिनं कधी प्रश्न विचारला नव्हता. बाबा सकाळी येणार, काका संध्याकाळी. आत्यानंच तसं लावून दिलं होतं, दोघांची दारात गाठ पडू नये म्हणून. बाबा आले की आत्याच्या बोटाला सुई टोचून साखर बघणार, खाली असली की पेला भरून ग्लुकोजचं पाणी पाजणार, वर असली की चेहरा पाडणार. काका ते यंत्र हातात धरत नसत. रोजचे आकडे बघून माणूस चक्रम होतो, ते म्हणत. तीच गोळी, तेच चालणं, आणि डब्यात बिस्किटं दिसली की ती जाताना खिशात घालून नेणं. दोघे आपापल्या औषधवाल्याकडून आपापली पाकिटं आणत, कारण दुसऱ्यानं आणलेल्या औषधावर कुणाचा विश्वास नव्हता. आणि डॉक्टरनं 'दिवसातून एक' असं सांगितलं तेव्हा प्रत्येकाला ते आपल्यालाच सांगितल्यासारखं वाटलं होतं. दुसरा काही जबाबदारीचं काम करत असेल, ही शंका दोघांच्याही मनाला शिवली नाही. एवढी गाढ खात्री, तिला वाटलं, फक्त सख्ख्या भावाबद्दलच असू शकते.

आत्या खाटेवर उशीला टेकून बसली होती आणि पडद्याची शिवण बघत होती. हाताला सलाईन होतं. कालच्या मानानं चेहऱ्यावर रंग होता. "टीप बघ कशी घातलीय," ती म्हणाली, "पैसे घेतात आणि असं शिवतात." भाची खाटेवर बसली, आत्याचा मोकळा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला. बोटांची टोकं सुयांनी खरबरीत झाली होती, पण ती आधीपासूनच तशी होती. आयुष्यभर सुयाच टोचून घेतलेल्या. कसं विचारावं याची तिनं वाटेत बरीच जुळवाजुळव केली होती. प्रत्यक्षात तिनं सरळच विचारलं.

"आत्या, तू दोन गोळ्या घेतेस?"

आत्या पडद्याकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "घेते म्हणजे? देतात."

"तुला ठाऊक होतं?"

"मला मोजता येतं गं."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणाला बोलू? सकाळी याला सांगितलं, की तो देतो, तू नको देऊस, तर हा घरी जाऊन आजारी पडेल. संध्याकाळी त्याला सांगितलं तर तो यायचाच बंद होईल. गोळीसाठी तर येतात दोघं." तिनं हात सोडवून घेतला आणि पांघरूण सारखं केलं. "आणि मी काय नुसती बसून होते होय? मी माझं बघत होते."

आत्याचं बघणं असं होतं: सकाळची गोळी घेतली की दुपारी पाय लटपटणार हे तिला कळून चुकलं होतं, म्हणून अकराच्या सुमारास ती साखरेचे खडे तोंडात टाकायची. काका डबे तपासतात हे ठाऊक असल्यामुळे खडे शिवणयंत्राच्या खणात, बटणांच्या डबीत. बाबा उद्या सकाळी टोचणार आणि आकडा वर असला की तोंड पाडणार, म्हणून त्यांच्या येण्याआधीच्या रात्री ती जेवण अर्धं करायची. म्हणजे बाबा जो आकडा बघून पेलाभर गोड पाणी पाजत होते तो आकडा आत्यानं बाबांसाठी तयार केलेला होता. काल काय झालं? काल बटणांच्या डबीत बटणंच उरली होती. हे सगळं आत्या इतक्या सरळपणे सांगत होती की जणू गिऱ्हाइकाचं माप घेतेय. भाचीला विभागातला तेव्हाचा नवा तरुण प्राध्यापक आठवला, जो मंदीच्या आधी एकदा आत्याकडे जेवायला आला होता आणि बाबांना व काकांना दोघांनाही चुकीचं ठरवून गेला होता. तुम्ही दोघंही माणसांना नळ्या समजता, तो म्हणाला होता. माणसं तुमचा पुढचा डाव आधीच ओळखून आपला डाव बदलतात, म्हणून तुमची गणितं कागदावरच बरोबर येतात. त्या दिवशी तो गेल्यावर बाबांनी आणि काकांनी, आपापल्या घरात, त्याला उद्धट म्हटलं होतं. एवढं एकमत दुसऱ्या कशावर झालेलं तिला आठवत नव्हतं. आणि आत्याला तर हे शिकवावंच लागलं नव्हतं. मंदीच्या वर्षी कापडावरचा कर वाढणार अशी नुसती कुजबुज झाली आणि हिनं दुकानात छतापर्यंत अस्तराचे तागे भरून ठेवले होते. सरकार काय करणार हे सरकारच्या आधी आपल्याला कळतं, ती म्हणायची. एका गीझरवर दोन हात आहेत, असं समजून भाची सकाळी धावत सुटली होती. हात तीन होते, आणि तिसरा खुद्द गीझरचा होता.

डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला दोघांनीही एकच सांगितलं होतं, तो म्हणाला. दोघांनीही खरंच सांगितलं होतं, ती म्हणाली. त्याला हसू आलं आणि ते त्यानं खोकल्यात घातलं. एवढ्याशा शरीराला या वयात दुप्पट औषध, त्यात जेवण अर्धं, म्हणजे हे व्हायलाच हवं होतं. स्कॅन आज नको. गोळी पूर्ण बंद, वेळेवर जेवण, थोडे दिवस इथंच बघू. तरीही घसरली तर मग गाठ शोधू. आणि मग आवाज खाली आणून, मला वाटत नाही तशी वेळ येईल, असं तो म्हणाला. तिनं भिंतीला हात टेकला. भिंत गार होती, नुकताच रंग दिलेली, आणि त्या रंगाचा वास तिला फार चांगला वाटला.

बाबा आणि काका जिन्यानं आणि लिफ्टनं असे दोन वाटांनी वर आले आणि व्हरांड्याच्या दोन टोकांच्या बाकांवर बसले. सवयीनं तिचे पाय आधी एका टोकाकडे वळले. मग ती थांबली. आजवर असंच चाललं होतं; ती जाणार, याचं त्याला त्याच्या भाषेत सांगणार, त्याचं याला याच्या. मधली नळी. सांगायला लागणारा तो वेळच सगळं बिघडवत होता. ती मधोमध उभी राहिली आणि दोघांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात एकदाच म्हणाली, "आत्याला रोज दोन गोळ्या जात होत्या. एक तुमची, एक तुमची. गाठबीठ काही नाही बहुतेक."

एक परिचारिका ढकलगाडी घेऊन मधून गेली, तिची चाकं करकरत दूर गेली. बाबा आपल्या हातांकडे बघत होते, हेच ते हात असं पटवून घेत असल्यासारखे. काकांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं, उलटंपालटं करून पाहिलं. मग ते उठले आणि व्हरांड्याचं ते सगळं अंतर चालत बाबांच्या बाकापर्यंत आले. बसले नाहीत. पाकीट पुढे धरून उभे राहिले.

"दादा," ते म्हणाले, "तू सकाळी द्यायचास?"

"चहाबरोबर," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फुटला. मग खाकरून, "तू मला एकदा विचारायचंस, धाकट्या."

"तू सांगायचंस."

"मला काय ठाऊक, तू एखादी गोष्ट करतोस म्हणून. तुझं तर सगळं हात पाठीमागे बांधून."

"मी नियमानं देत होतो. तू मध्ये लुडबुडला नसतास तर—"

"लुडबुड? अरे, रोज सकाळी तिला उठवून बसवत होतं कोण? माझं ग्लुकोजचं पाणी."

"तुझ्याच गोळीनं पाडलेली, तुझ्याच पाण्यानं उठवलेली."

आवाज चढले. ढकलगाडीवाली परिचारिका परत आली आणि दवाखाना आहे हा, असं म्हणाली. दोघांनी एकाच वेळी तिची माफी मागितली आणि एकाच वेळी पुन्हा सुरू केलं, फक्त दबक्या आवाजात, म्हणून जवळ सरकून. काका बाकावर बसले. मधे एक पिशवी होती ती बाबांनी उचलून मांडीवर घेतली. तिला मध्ये पडावंसं वाटलं, पण पडायला जागाच उरली नव्हती. कितीतरी वर्षांनी ते दोघं एकमेकांशी भांडत होते, तिच्या मार्फत नव्हे, थेट, तोंडातोंडी. आणि तिला असं वाटलं की आपल्या कानांतून इतकी वर्षं वाहणारं काहीतरी एकदम दुसरीकडे वळलं आहे आणि कान मोकळे झाले आहेत.

ती खोलीत परत आली तेव्हा आत्या डोळे मिटून ऐकत होती. दार उघडंच होतं. उद्यापासून गोळी मी माझ्या हातानं घेणार, डॉक्टर म्हणेल तेव्हा, असं आत्यानं जाहीर केलं. त्या दोघांनी यायचं ते एकदम यायचं, आणि नुसतं बसायचं. बाहेर जाऊन तिनं हा निरोप सांगितला, शेवटचा निरोप, तिनं स्वतःशी म्हटलं. काकांचा चेहरा उजळला. "बघ. शेवटी तिच्यावरच सोडलं ना? मी आयुष्यभर दुसरं काय सांगतोय?" "सोडलं," बाबा म्हणाले, "पण केव्हा? उचलून दवाखान्यात आणल्यावर. सलाईन लावल्यावर." आणि आतून आत्याचा आवाज आला, की दोघांपैकी कुणीतरी चहा आणा, आणि कुणी आणायचा ते आधी ठरवा.

दोघे मिळून गेले. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत बोलणं ऐकू येत होतं. तिनं कानामागे सहज हात नेला तर बोटांना बुळबुळीत काहीतरी लागलं. सकाळचा शाम्पू, अजून तसाच. ती खोलीतल्या बेसिनपाशी गेली. पाणी गारच होतं. बाजूला गरम पाण्याची तोटी होती, लाल खुणेची, हात पोचेल एवढ्या अंतरावर. तिनं तिच्याकडे पाहिलं, मग मान वाकडी करून कान तसाच गार पाण्याखाली धरला, आणि आत्या पाठीमागून पडद्याच्या शिवणीबद्दल काय बोलतेय ते दुसऱ्या कानानं ऐकत राहिली.